बाघच्या भिंती आणि चित्राचे थर

प्रस्तावना

धार जिल्ह्यातल्या बाघ लेण्यांत चित्रे पाहायला जाणाऱ्या माणसाची थोडी निराशा होतेच. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात, पण तिथे रंग शोधावा लागतो. चौथ्या आणि पाचव्या लेण्यासमोर मिळून सुमारे 220 फूट लांबीची एकसंध ओसरी होती. तिचे छत कोसळले, खांब गेले आणि मागच्या भिंतीवरची चित्रे उन्हापावसात उघडी पडली. दगड ठिसूळ, वरून पाणी झिरपणारे, आत मुक्काम केलेल्यांच्या चुलींचा धूर वेगळाच. अखेर 1982 मध्ये उरलेल्यांपैकी महत्त्वाची चित्रे गिलाव्यासकट भिंतीवरून सोडवून काढली. ती आता ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. भिंत धार जिल्ह्यात राहिली आणि चित्र ग्वाल्हेरला गेले.

या दोहोंच्या जोडीला तिसरा पुरावा आहे तो नकलांचा. त्या काळी बाघ ग्वाल्हेर संस्थानात होते आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची सूत्रे मो. ब. गर्दे यांच्याकडे होती. 1921 साली दरबारने या चित्रांच्या नकला करून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर ही बंगालची मंडळी आली, आणि त्यांच्या बरोबरीने आपटे, भोंसले, भांड, जगताप अशा आपल्या आडनावांच्या चित्रकारांनीही काम केले. बोस-हालदारांची नावे कलेतिहासात सर्वत्र येतात. या चौघांची मात्र तळटीपेतही क्वचितच. 1927 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने बाघवर ग्रंथ काढला, त्यात मार्शल, फोगेल, हॅवेल यांच्याबरोबर गर्द्यांचाही लेख आहे आणि नकलांच्या प्रतिमा आहेत. शोक करणारी स्त्री आणि तिची समजूत घालणारी सखी, टिपऱ्या घेऊन नर्तकाभोवती फेर धरणाऱ्या स्त्रिया, घोडेस्वारांची आणि हत्तींची मिरवणूक: हे सारे आज बहुतेकांना माहीत आहे ते या नकलांमधूनच.

आता हिशोब मांडा. मूळ भिंतीवर आज जागा आणि मोजमाप आहे, चित्र जवळजवळ नाही. ग्वाल्हेरच्या तुकड्यांत खरा रंग आहे, पण तो फिकटलेला, आणि त्याच्या कडा तुटलेल्या. 1921 च्या नकलेत रेषा पूर्ण आहे, पण ती बोस किंवा हालदार यांच्या हातून गेलेली रेषा आहे. तीन साक्षीदार, तिघेही अर्धेच बोलणारे. तिघांना एकाच पडद्यावर, एकमेकांवर ठेवायचे, हवे तिथे एकाला मागे सारून दुसऱ्याला पुढे आणायचे, आणि हे करताना तिघांपैकी कुणाचीही जबानी कायमची पुसायची नाही. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. या कामाचे मुख्य हत्यार म्हणजे मास्क.

फ्लेक्स छापणाऱ्या कुठल्याही दुकानातला मुलगा मास्क वापरतो, तेव्हा त्याची ओळख लांबलचक करण्याचे कारण नाही. प्रत्येक लेयरला जोडलेले एक करडे चित्र, लेयरच्याच मापाचे. त्यात पांढरे असेल तिथे लेयर दिसतो, काळे असेल तिथे दिसत नाही, मधल्या करड्या छटांत तेवढ्या प्रमाणात पारदर्शक होतो. साध्या 8 बिटांच्या मास्कमध्ये या छटा 0 ते 255. महत्त्वाची गोष्ट अशी की लेयरमधल्या रंगाला हात लागलेला नसतो. इरेजर फिरवला की पिक्सेल जातात, फाइल बंद केल्यावर परत आणायची सोय राहत नाही. मास्कवर काळा ब्रश फिरवला तर उद्या त्याच जागी पांढरा फिरवता येतो.

यामागचे गणित छोटे आहे. वरच्या लेयरची अपारदर्शकता जेवढी, तेवढा वरचा रंग. उरलेल्या भागात खालचा. संगणकावरच्या चित्रात रंगाबरोबर अपारदर्शकतेचाही आकडा प्रत्येक पिक्सेलला द्यावा ही कल्पना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी मांडली. त्या आकड्याला त्यांनी अल्फा म्हटले. 1984 मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक प्रतिमा ठेवण्याच्या सर्व क्रियांची शिस्तशीर मांडणी केली. आजचे प्रत्येक सॉफ्टवेअर आतून त्यांचेच ऐकते. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत. फुकट मिळणाऱ्या गिम्प आणि क्रितामध्ये आज यातले बहुतेक सगळे करता येते, आणि धार-देवासच्या विद्यार्थ्याने महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकाच्या आधीही झाकून काम करणारे लोक होतेच. दादासाहेब फाळके छपाईच्या आणि ठसे तयार करण्याच्या धंद्यातून सिनेमात आले. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून चमत्कार दाखवण्याची युक्ती त्यांच्या पौराणिक चित्रपटांत आहे. कॅमेऱ्यापुढे काळा पुठ्ठा धरून चौकटीचा एक भाग झाकायचा, फीत मागे घ्यायची, मग उरलेला भाग टिपायचा. हाही मास्कच. मात्र दुसऱ्या वेळी हात चुकला तर पहिले चित्रणही वाया.

बाघ गावातच याहून सुंदर उदाहरण आहे. तिथले खत्री छपाईकार कापड मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात, हरड्याच्या पाण्यातून काढतात, आणि मग लाकडी ठशांनी दोन वेगवेगळ्या खळी छापतात. एकीत तुरटी, दुसरीत लोखंड, दोन्हींना घट्टपणा चिंचोक्याचा. मग बाघनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुणे, आणि धावडीची फुले व अलिझरीन घातलेल्या तांब्याच्या भट्टीत उकळणे. रंगाचे पाणी सगळ्या कापडाला सारखेच मिळते, पण तुरटी असेल तिथे लाल धरते, लोखंड असेल तिथे काळे होते आणि काहीच नसेल ती जागा पांढरी निघते. कुठला रंग कुठे दिसावा याचा निर्णय रंगापासून वेगळा, आधीच कापडावर लिहून ठेवलेला असतो. मास्कमागचा विचार समजावून सांगायला आम्हाला याहून चांगले काही सुचलेले नाही. फरक एवढाच की भट्टीतून निघालेले कापड मागे नेता येत नाही.

मागे नेता न येणाऱ्या कामाची किंमत या देशातल्या भित्तिचित्रांनी भरपूर मोजली आहे. अजिंठ्याची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असावी. रॉबर्ट गिल यांच्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुढे वर्षानुवर्षे नव्या नकला केल्या, त्यांतल्याही अनेक 1885 च्या आगीत जळाल्या. नकला जळणे हा अपघात होता. परंतु चित्रे नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतीवरच व्हार्निश चढवले गेले, ते कुणी वाईट हेतूने केले नव्हते. व्हार्निश पिवळे पडले, त्याला पोपडे सुटले, आणि ते काढण्यात पुढच्या पिढ्यांचे श्रम खर्ची पडले. एका क्षणी चित्र उजळ दिसावे यासाठी केलेला बदल त्या चित्राच्या अंगातच शिरला. संगणकावर मूळ स्कॅनचा काँट्रास्ट वाढवून तीच फाइल जतन करणारा माणूस तेच करत असतो.

या पुस्तकाचे म्हणणे मांडायला आम्हाला चित्रकलेपेक्षा पाठचिकित्सेचा आधार जवळचा वाटतो. बाघच्या दुसऱ्या लेण्यात महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या या राजाने 'कलयन' नावाच्या विहाराला दिलेल्या दानाचा तो लेख, आणि दानाच्या कारणांत विहाराच्या मोडक्यातोडक्या भागांच्या दुरुस्तीचाही उल्लेख आहे. म्हणजे बाघमध्ये डागडुजीचा प्रश्न दीड हजार वर्षांचा तरी आहे. वा. वि. मिराशी यांनी हा लेख कलचुरी-चेदी लेखांच्या आपल्या संग्रहात 1955 साली घेतला. असा कुठलाही संपादित लेख उघडून पाहा. स्पष्ट वाचता आलेले अक्षर एका प्रकारे छापलेले, झिजलेले वा अंदाजाने भरलेले अक्षर कंसात. वाचणाऱ्याला अर्थ सलग मिळतो, आणि तरीही तांबे कुठे संपले व पंडित कुठे सुरू झाला हे क्षणभरही लपत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सुखटणकरांच्या नेतृत्वाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले, सारा संहितापाठ 1966 मध्ये. तिच्यात जो पाठ संपादकांना पुरता निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे.

ही रेघ इथे फार मोलाची. शंका आहे म्हणून संपादकांनी ते अक्षर फिकट छापले नाही. अक्षर ठसठशीत, शंका त्याच्याखाली वेगळी. चित्रांच्या डिजिटल पुनर्रचनेत नेमके उलटे घडते. ज्या भागाबद्दल खात्री नाही तो भाग निम्मा पारदर्शक करून टाकायचा, म्हणजे आपण प्रामाणिक राहिलो असे वाटते. परंतु पाहणाऱ्याला ते धुके दिसते, शंका दिसत नाही. त्याला वाटते की मूळ चित्रच तिथे पुसट होते. म्हणून या पुस्तकात एक नियम आम्ही आग्रहाने पाळला आहे: दिसणे किती हे ठरवणारा मास्क वेगळा आणि खात्री किती हे नोंदवणारा मास्क वेगळा. पहिला चित्रावर लागू असतो. दुसरा बंद ठेवलेला, हवा तेव्हा उघडून वर टाकायचा. इटलीत चेझारे ब्रांदी आणि रोमच्या पुनरुज्जीवन संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्याला भित्तिचित्रांच्या गळलेल्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची पद्धत रुळवली. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि भर कळते. नागमोडी रेघ आणि ही उभी रेघ एकाच घराण्यातल्या.

आता थोडे तंत्र, कारण त्याशिवाय वरचे सारे नुसते सदिच्छेत मोडेल. एकाच लेयरला मास्क लावणे कुणालाही जमते. घोटाळे अनेक लेयर एकदम हाताळताना होतात. समजा वर 1921 ची नकल आहे, तिच्याखाली ग्वाल्हेरच्या तुकड्याचे छायाचित्र, सर्वांत खाली आजची भिंत. नकल आणि तुकडा दोन्ही मिळून निम्मे विरावेत आणि मागची भिंत दिसावी असे हवे आहे. दोन्ही लेयरना स्वतंत्रपणे 50 टक्क्यांचा मास्क लावला, तर पडद्यावर नकल 50 टक्के, तुकडा 25 टक्के आणि भिंत 25 टक्के येते. तुकडा नकलेतून वर झिरपतो आणि शोक करणाऱ्या स्त्रीला दोन हनुवट्या दिसू लागतात. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून मास्क ग्रुपला लावला, तर आधी आतला हिशोब पुरा होतो आणि मग सबंध ग्रुप विरतो. नकल 50, भिंत 50. अनेक लेयरना एकच पारदर्शकता द्यायची असेल तर मास्क ग्रुपलाच द्यावा, हा या क्षेत्रातला पहिला धडा. गिम्पमध्ये ग्रुपला मास्क लावण्याची सोय 2018 च्या 2.10 आवृत्तीत आली, हे जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरा घोटाळा सांध्याचा. डावीकडे एक छायाचित्र, उजवीकडे दुसरे, मध्ये थोडे एकमेकांवर आलेले. एकाला उजवीकडे विरणारा मास्क लावला, दुसऱ्याला नेमका त्याच्या उलटा. कागदावर बेरीज शंभर होते, म्हणून सांधा भरला असे वाटते. प्रत्यक्षात मध्यावर वरचा 50 टक्के, आणि खालच्याचा 50 टक्के उरलेल्या निम्म्यावर लागून 25 टक्के. उरलेल्या 25 टक्क्यांतून मागचे काहीतरी डोकावते. हत्तींच्या मिरवणुकीमधून एक फिकट उभा पट्टा जातो आणि बघणारा त्याला भिंतीची चीर समजतो. उपाय सोपा आहे: खालचा लेयर पूर्ण ठेवा, विरवा फक्त वरचा. खालच्यालाही खरोखर विरवायचे असेल तर पोर्टर-डफ यांच्या मांडणीत बेरजेची वेगळी क्रिया आहे, ती वापरा.

बाकीच्या खाचाखोचांची यादी इथे देत नाही, त्या त्या प्रकरणात येतील. एवढे मात्र आधीच सांगणे बरे की मास्क फक्त पारदर्शकतेला सुरक्षित ठेवतो. नकल भिंतीच्या मापावर बसवण्यासाठी ओढली, ताणली, तिरकी केली, तर पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि त्या बदलाला मास्क वाचवू शकत नाही. त्यासाठी स्मार्ट ऑब्जेक्ट किंवा क्रितामधला ट्रान्सफॉर्म मास्क. आणि जेपीईजीमध्ये जतन केलेल्या फाइलमध्ये ना थर उरतात ना पारदर्शकता. पीएनजीमध्ये पारदर्शकता राहते, थर जातात. काम करण्याची फाइल आणि छापायला पाठवण्याची फाइल या दोन वेगळ्या फायली आहेत, हे छपाईच्या दुकानांत सगळ्यांना कळते. संशोधकांना उशिरा कळते.

सगळ्यांनाच लेण्यांपर्यंत जाता येणार नाही, म्हणून सरावाचे पहिले प्रकरण देवासचे ठेवले आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांना 1728 मध्ये देवास मिळाले, आणि त्यातून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच शहरात उभी राहिली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार; मुख्य रस्त्याची एक बाजू यांची आणि दुसरी त्यांची. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खासगी चिटणीस म्हणून ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये इथे राहिला. त्याच्या 1953 च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकामुळे हा अजब प्रकार जगाला कळला. 1921 हेच साल बाघच्या नकलांचेही, हा केवळ योगायोग. पण माळव्यात त्या वर्षी परक्या नजरा बऱ्याच फिरत होत्या असे दिसते.

देवासचा जुना नकाशा हा तळाचा लेयर घ्या. त्यावर दोन रंगांचे दोन ग्रुप: थोरली आणि धाकटी. प्रत्येक ग्रुपमध्ये रस्ते, इमारती, शेते असे वेगवेगळे लेयर, आणि मास्क फक्त ग्रुपला. बहुतेक विद्यार्थी थोरल्या पातीचा मास्क रंगवतात आणि तो उलटा करून धाकटीला लावतात. काम लवकर होते, आणि चुकते. जे दोघांचे सामाईक धरायचे, तिथे दोन्ही मास्क पांढरे हवेत. जिथे हद्दीबद्दल पुरावा नाही, तिथे दोन्ही काळे. उलटा मास्क या दोन्ही शक्यता नाकारतो. इतिहासातली प्रत्येक हद्द एकाची संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते, असे आपल्याला संगणकाच्या एका बटणामुळे वाटू लागते. हे प्रकरण केल्याशिवाय पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. भित्तिचित्रात हाच प्रश्न अधिक अवघड होऊन येतो: जिथे नकलही गप्प आहे आणि तुकडाही, तिथे काय दाखवायचे?

देवास म्हटले की नोटांचा छापखानाही आठवतो. आपल्या खिशातली नोट उजेडासमोर धरून पाहणारा प्रत्येक जण नकळत थरांचा अभ्यास करतो. गांधीजींचा जलचिन्हातला चेहरा शाईने छापलेला नसतो. कागदाच्या लगद्याची जाडी कमीजास्त केल्याने उजेड कमीजास्त आरपार येतो आणि त्यातून चेहरा तयार होतो. पारदर्शकतेच्या छटांनीच काढलेले चित्र. त्यावर पुढे छपाईचे थर एकावर एक चढतात, आणि त्यांचे एकमेकांवर बिनचूक बसणे हीच नोटेची खूण ठरते. आमच्या विषयाशी याचा संबंध एका मर्यादेपर्यंतच आहे, तरी देवासमध्ये बसून थरांविषयी लिहिताना त्याचे नाव न घेणे कृतघ्नपणाचे झाले असते.

या क्षेत्रात येणारे तीन वाटांनी येतात. कुणी चित्रकार असतो, कुणी इतिहासाचा विद्यार्थी, कुणी स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवणारा. तिसऱ्या वाटेने येणाऱ्याचे इथे विशेष स्वागत. केसांच्या बटांभोवती मास्क कसा काढावा, कडा किती फेदर करावी हे त्याला पुस्तकी विद्वानापेक्षा चांगले येते. त्याला शिकायचे आहे ते फक्त कुठे थांबावे. चित्रकाराचा मोह नेमका उलटा. त्याला हात आहे, म्हणून गेलेला डोळा तो काढून टाकतो. काढावा, पण वेगळ्या लेयरवर, स्वतःच्या नावाने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हात चालवण्याची भीती वाटते, आणि ती जायला हवी, कारण मास्कवरची कुठलीही रेघ परत घेता येते. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या डिजिटल पुनरुज्जीवनाचे दीर्घ काम हाती घेतले, तेव्हापासून महाराष्ट्रात या विषयाकडे पाहण्याची नजर बदलली आहे. बाघच्या वाट्याला तेवढे लक्ष अजून आलेले नाही. मराठी आडनावांच्या चार चित्रकारांनी जिथे शंभर वर्षांपूर्वी कागद भिंतीला लावून रेषा उचलल्या, तिथे पुन्हा कुणीतरी बसायला हवे.

सरावाच्या फायली उघडण्याआधी दोन गोष्टी करा. तळाच्या लेयरला कुलूप लावा. आणि प्रत्येक मास्कला नाव देताना तो कशावरून काढला ते नावातच लिहा: भिंत, तुकडा, नकल 1921, अंदाज. 'मास्क कॉपी 3' असे नाव असलेली फाइल आम्ही तपासत नाही.